वेगाच्या विंडसर्फिंगसाठी जागा धरणाच्या भिंतीपाशी नको, फुगवट्याच्या टोकाला शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतल्या जलाशयांवर जलक्रीडा सुरू व्हाव्यात ही मागणी अधूनमधून उठते आणि दर वेळी चर्चा धरणाच्या भिंतीपाशीच घुटमळते. तिथपर्यंत डांबरी रस्ता असतो, विश्रामगृह असते, गाड्या लावायला जागा असते. बोटिंगपुरते ते ठीक आहे. पण त्याच यादीत विंडसर्फिंगही, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळही, घातला जातो. खान्देशात वारा भरपूर, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत, एवढ्यावर जागेचा प्रश्न सुटला असे सगळे धरून चालतात. साध्या, शिकाऊ विंडसर्फिंगला हे कदाचित चालेल. वेगाच्या विंडसर्फिंगला मात्र वाऱ्याइतकेच पाणी पाहावे लागते. पाणी म्हणजे किती साठा आहे ते नव्हे, त्याचा पृष्ठभाग किती सपाट राहतो ते.

या खेळातले जुने विक्रम कुठे झाले ते पाहिले की मुद्दा लगेच कळतो. अधिकृत वेग 500 मीटरच्या सरळ पट्ट्यावरची सरासरी काढून ठरतो. 1986 मध्ये पास्कल माकाने कॅनरी बेटांतल्या सोटाव्हेंटोच्या किनाऱ्यालगत 38.86 नॉट गाठले. (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.) त्यानंतरचे विक्रम खुल्या समुद्रावर फारसे झालेच नाहीत. फ्रान्सच्या दक्षिणेला सँत मारी द ला मेर इथे किनाऱ्याला लागून मुद्दाम एक अरुंद कालवा खणला होता. त्यात 1988 मध्ये एरिक बील 40.48 नॉटवर गेला, 1993 मध्ये थिएरी बिएलाक 45.34 वर, 2005 मध्ये फिनियन मेनार्ड 48.70 वर आणि 2008 मध्ये आन्त्वान आल्बो 49.09 वर. पुढे नामिबियात लुडेरिट्झला खाजणाच्या सपाटीवर असाच कालवा काढला गेला. तिथे आल्बोने 2012 मध्ये 52.05 आणि 2015 मध्ये 53.27 नॉट नोंदवले, म्हणजे ताशी साडेअठ्ठ्याण्णव किलोमीटरच्या वर. वारा फ्रान्सला होता तसा इतर शंभर ठिकाणीही होता. खर्च केला गेला तो पाणी सपाट ठेवण्यासाठी. पॉल लार्सनची 'व्हेस्टास सेलरॉकेट 2' ही नौका फळीच्या जातीची नाही, पण तिचा 24 नोव्हेंबर 2012 चा 65.45 नॉटचा विक्रमही नामिबियातल्याच वॉल्विस बेमध्ये वाळूच्या पट्टीच्या आडोशाने, किनाऱ्याला घासूनच झाला.

वारा जोराचा आणि पाणी मात्र सपाट, हे दोन्ही एकत्र मिळायचे तर एकच वाट आहे. वाऱ्याला लाट उठवायला जागाच द्यायची नाही. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून येतो. यातली तिसरी गोष्ट आपल्या हातात असते. वारा सेकंदाला 15 मीटर, म्हणजे सुमारे 29 नॉट धरला तर किनाऱ्यापासून 10 मीटरवर लाट ढोबळमानाने 3 सेंटिमीटरची असते, 100 मीटरवर 10 सेंटिमीटरची आणि एक किलोमीटरवर 30 सेंटिमीटरच्या आसपास. मोकळे पाणी चौपट झाले की लाट दुप्पट होते. चार किलोमीटर मोकळे पाणी ओलांडून वारा धरणाच्या दगडी पिचिंगवर (भिंतीच्या उतारावर बसवलेल्या दगडांवर) येतो तेव्हा तिथली लाट साठ-पासष्ट सेंटिमीटरची असते. शिवाय पिचिंगवर आपटून उलटी फिरलेली लाट येणाऱ्या लाटेत मिसळते आणि पाणी जागच्या जागी उभे उसळू लागते. सांडव्याच्या सरळ काँक्रीटपाशी हे आणखी वाईट.

आता एवढ्याशा लाटेने असे काय बिघडते? वेगाच्या फळीची रुंदी 40 ते 55 सेंटिमीटर असते. पुऱ्या वेगात तिचा पाण्याला टेकलेला भाग जेवणाच्या ताटाएवढा उरतो, बाकीची फळी हवेत असते. फळीचा तळ पाण्याशी ठरावीक कोन धरून घसरत असतो, आणि तो कोन थोडा जरी बदलला तरी विरोध झपाट्याने वाढतो. 35 नॉट म्हणजे सेकंदाला 18 मीटर. किनाऱ्यापासून 100 मीटरवरच्या लाटांमधले अंतर साधारण एक मीटर असते. स्वार वाऱ्याबरोबर तिरका पळत असल्याने तो या लाटांना मागून गाठत जातो, आणि तरीही त्याला सेकंदाला दहाच्या आसपास ठोके बसतात. एक किलोमीटरवर ठोके कमी होतात, सेकंदाला दोनच, पण प्रत्येक ठोका फूटभर उंचीचा. पहिल्या प्रकारात फळी थरथरते आणि वेग हळूहळू गळतो. दुसऱ्यात ती उडते, तिच्या नाकाखाली (पुढच्या टोकाखाली) हवा शिरते आणि स्वाराला शीड सैल सोडावेच लागते.

शीड सोडण्याचा तोटा बहुतेक जण कमी लेखतात. फळी वरखाली झाली की मास्टचे, म्हणजे शिडाच्या उभ्या काठीचे, टोक पुढेमागे डोलते. दीड-दोन मीटर उंचीवर जे हेलकावे किरकोळ वाटतात, ते चार मीटरवरच्या टोकाला चांगलेच मोठे असतात. त्यामुळे शिडावर येणारा वारा क्षणाक्षणाला बदलतो. सपाट पाण्यावर शीड घट्ट ओढून, फळीच्या मागच्या कडेला जवळजवळ टेकवून तसेच धरता येते. खडबडीत पाण्यावर हात आणि पाय हेच स्प्रिंगचे काम करतात, आणि शीड उघडत-मिटत राहते. 500 मीटरला 35 नॉटने सुमारे 28 सेकंद लागतात. त्यातले चार सेकंद जरी शीड सैल राहिले तरी सरासरी गेली.

मग येते फिन, म्हणजे फळीच्या शेपटाखाली पाण्यात असणारे उभे पाते, घसरण्याची कटकट, जिला या खेळातले लोक 'स्पिनआउट' म्हणतात. वेगाची फिन साधारण 16 ते 24 सेंटिमीटर लांब असते आणि शिडाचा सगळा आडवा जोर तीच पेलते. त्यासाठी तिच्या वाऱ्याकडच्या बाजूला दाब फार उतरलेला असतो. लाटेवर शेपूट चार-पाच सेंटिमीटर उचलले गेले की फिनचा वरचा भाग उघडा पडतो, कमी दाबाच्या बाजूने हवा खाली शोषली जाते आणि फिनची पकड जाते. फळीचे शेपूट वाऱ्याखाली (वारा जिकडे जातो त्या बाजूला) सटकते. 25 नॉटला मागचा पाय अंगाखाली ओढून आणि शीड किंचित सैल करून ती परत पकडता येते. 40 नॉटला बहुधा आपटायलाच होते. सपाट पाण्यावरही फिन वारंवार घसरत असेल तर आधी फिनची धार तपासावी. दगडाला घासून पडलेली तांदळाएवढी खाचसुद्धा हवा आत ओढायला पुरते. ती 400 नंबरच्या आणि नंतर 600 नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, धारेच्या दिशेने घासून काढावी. फिन आणि तिच्या खोबणीत फट असेल तर तीही बुजवावी.

खडबडीत पाण्यावर लोक मोठी फिन लावतात, रुंद फळी घेतात, मास्टचा पाया सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढे सरकवतात म्हणजे नाक दबून राहते. यातला प्रत्येक उपाय चालतो आणि प्रत्येकाची किंमत वेगातच मोजावी लागते. मोठी फिन जास्त पाणी कापते आणि पुऱ्या वेगात फळीला वर उचलू पाहते. रुंद फळी उडते. पुढे सरकवलेल्या मास्टमुळे जास्त तळ पाण्याला चिकटतो. तोच स्वार, तेच शीड, तोच वारा घेतला तरी सपाट आणि खडबडीत पाण्यातल्या वेगात काही नॉटचा फरक पडतो तो यामुळे. सपाट पाण्यावर कसलेला स्वार वाऱ्याच्या सव्वापटीहून जास्त वेगाने सहज जातो. अर्धा-पाऊण मीटर लाटेत वाऱ्याइतका वेग मिळाला तरी चांगले म्हणायचे.

किनाऱ्याची दिशाही नेमकी लागते. सगळ्यांत जास्त वेग वाऱ्याला काटकोनात जाताना मिळत नाही. वारा जिकडून येतो त्या दिशेपासून 120 ते 140 अंश खाली वळून, म्हणजे वारा मागून तिरका घेऊन तो मिळतो. 130 अंश धरला तर वाऱ्याच्या रेषेशी पळण्याच्या मार्गाचा कोन 50 अंश होतो. किनाराही त्याच कोनात हवा आणि वारा जमिनीवरून पाण्याकडे यायला हवा. मग किनाऱ्यापासून 5 मीटरवर पळणाऱ्याला वाऱ्याच्या रेषेत अवघे साडेसहा मीटर मोकळे पाणी लागते. वारा अगदी पश्चिमेचा असेल तर आपल्याला वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा, जमीन नैर्ऋत्येला आणि पाणी ईशान्येला असलेला काठ शोधायचा. किंवा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारा, जमीन वायव्येला आणि पाणी आग्नेयेला असलेला. लांबी मोजताना 500 मीटरवर थांबू नये. आधी वेग घ्यायला 200 मीटर, नंतर थांबायला 150, आणि दोन्हीकडे थोडी मोकळीक, असा जवळपास एक किलोमीटर सरळ काठ लागतो.

त्यात काठ उंच नको. झाडे, बांध, दरड काहीही असो, वाऱ्याखाली त्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वारा गोंधळलेला असतो. दहा मीटर उंच बाभळींची रांग असेल तर शंभर-दोनशे मीटरपर्यंत वारा तुटक, आणि तिथून पुढे सरकावे तर लाट उठलेली. म्हणजे काठ बोडका आणि जेमतेम पाण्याच्या वर असलेलाच बरा. पर्यटकांना आवडणारी झाडी इथे मारक ठरते.

या मोजमापाने आपले जलाशय पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते, आणि ती चर्चेत कुणी मांडत नाही. तापी पश्चिमेकडे वाहते. गिरणा आणि पांझरा मात्र आधी पूर्वेकडे जातात आणि मग उत्तरेला वळून तापीला मिळतात. जून ते ऑगस्टमधला आपला मुख्य वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. त्यामुळे हतनूरसारख्या तापीवरच्या धरणाची भिंत जलाशयाच्या पश्चिम टोकाला, वाऱ्याकडच्या बाजूला येते. नांदगाव तालुक्यातले गिरणा धरण आणि साक्री तालुक्यातले अक्कलपाडा यांची भिंत पूर्वेच्या अंगाला, वाऱ्याखाली येते.

गिरणा आणि अक्कलपाड्यावर भिंतीपाशी जागा निवडणे म्हणजे सगळ्या जलाशयावरून वाढत आलेली लाट जिथे आपटते तीच जागा निवडणे. उलट त्यांच्या फुगवट्याचे पश्चिमेचे टोक, जिथे नदी जलाशयात शिरते, ते वाऱ्याकडे आहे. पुराबरोबर आलेला गाळ आधी तिथेच बसतो, म्हणून पाणी उथळ आणि काठ सपाट. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की गाळपेराची जमीन उघडी पडते, तिच्यावर झाड नसते, बांध नसतो. वेगाच्या पट्टीला लागते ते जवळपास सगळे तिथे आहे. रस्ता नाही, हे खरे.

तापीवरचा प्रश्न वेगळा आहे. हतनूरच्या भिंतीलगतचे पाणी पश्चिम वाऱ्यात सपाट राहते, पण भिंतीच्या आडोशाने वारा मरतो. शिवाय 41 दरवाजांच्या तोंडाशी कोणी फळी घेऊन जाऊ नये हे सांगायलाही नको. पावसाळ्यात तिथले दरवाजे उघडे राहतात आणि पाणी वाहते असते. तापीचा प्रवाह पश्चिमेकडे आणि वारा पश्चिमेकडून. प्रवाहाविरुद्ध वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्यामुळे तेवढ्याच वाऱ्याला पाणी जास्त खडबडीत. प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजच्या पाण्यालाही हेच लागू आहे, आणि तिथे तापीच्या उंच मातीच्या दरडी वारा आणखी तोडतात. लांबच लांब पाणी दिसते म्हणून लोक मोहतात, पण वारा त्याच लांबीतून येतो. हतनूरच्या फुगवट्यात आत शिरणाऱ्या नाल्यांच्या फाट्यांमध्ये योग्य दिशेचा काठ मिळू शकतो. तोही हिवाळ्यात नको, तेव्हा तिथे स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. सुदैवाने हिवाळ्यात वाराही नसतो. जळगावच्या मेहरूण तलावावर शिकायला हरकत नाही, वेगासाठी तो लहान आहे आणि भोवती झाडे-इमारती आहेत.

उथळ पाणी लाट वाढू देत नाही, म्हणून ते हवेच. पण किती उथळ? फिन 20 सेंटिमीटरची, तिच्याखाली तेवढीच मोकळीक, शिवाय गाळाचे उंचवटे. म्हणून 60 ते 80 सेंटिमीटर खोली सुरक्षित धरावी. गुडघाभर पाण्यात सराईत लोक पळतात, पण ताशी साठ किलोमीटरने पडल्यावर खाली पाण्याची गादीच उरत नाही. गाळ मऊ असेल तर दुसरी अडचण. पडलेला माणूस उभा राहायला जातो आणि पोटरीपर्यंत रुततो, मग शीड उचलायला आधार मिळत नाही. पाऊल घोट्याच्या वर रुतत असेल तर ती जागा सोडून वाळूमिश्रित काठ शोधावा.

वनस्पतींचा मामला दुधारी आहे. पाण्याखालचे गवत लाट दाबते, गवताळ पाणी आरशासारखे दिसते आणि तेच फसवते. एक लांब काडी फिनला अडकली की वेग तत्काळ उतरतो, बऱ्याचदा पाठोपाठ स्पिनआउट. पर्याय म्हणजे मागे पन्नासएक अंश कललेली गवताची फिन, तिच्यावरून काडी घसरून जाते. तिची पकड मात्र सरळ फिनपेक्षा कमी, त्यामुळे थोडी मोठी घ्यावी लागते. जलपर्णीचे तरंगते पुंजके असतील तर कोणतीही फिन चालत नाही, तो दिवस सोडून द्यावा.

खाऱ्या आणि गोड्या पाण्याबद्दल हमखास विचारले जाते. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा जेमतेम अडीच-तीन टक्के जड. फळी किंचित जास्त बुडेल, फिनची पकड तितकीच कमी होईल, वेगात जाणवण्याजोगे काही नाही. पाण्याच्या उष्णतेने मात्र थोडा फायदा होतो. लुडेरिट्झचे पाणी थंड, आपले 28-30 अंशांचे. गरम पाणी पातळ असते, त्यामुळे तळाचे घर्षण पाच-सात टक्क्यांनी कमी पडावे. पण हा फायदा हवा काढून घेते. समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा खान्देशातली 40 अंशांची, अडीचशे मीटर उंचीवरची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. तेवढाच जोर मिळायला वारा पाच टक्क्यांनी जास्त लागतो, म्हणजे 30 नॉटच्या जागी साडेएकतीस. पवनचक्कीवाल्यांना हे गणित चांगले ठाऊक आहे. जूनअखेर पाऊस पडून हवा उतरली की फरक थोडा कमी होतो. एकूण पाहता हे सगळे थोड्याफार टक्क्यांचे हिशेब आहेत, लाटेच्या तुलनेत किरकोळ.

गढूळपणानेही वेग बदलत नाही. फक्त खाली काय आहे ते दिसत नाही, आणि आपल्या जलाशयांत खाली बरेच काही आहे. बाभळींचे खुंट, जुन्या विहिरींचे कठडे, पाइपलाइनचे तुकडे, मासेमारीची जाळी. म्हणून पट्टी आखण्याआधी दोघांनी वीस मीटर दोराच्या मध्ये दोन किलोची साखळी बांधून ती तळावरून संपूर्ण लांबीभर ओढत न्यावी. एकाने काठाने चालावे, दुसऱ्याने जॅकेट घालून पाण्यातून. अडेल तिथे बांबू रोवून लाल कापड बांधावे आणि पट्टी तिथून हलवावी.

लाट मोजायलाही महागडे काही लागत नाही. सेंटिमीटरच्या खुणा केलेले तीन बांबू काठापासून 2, 5 आणि 20 मीटरवर रोवावेत. दुपारी दोन ते पाच या वेळेत, वारा सर्वांत जोरात असताना, प्रत्येकावर दहा मिनिटे लाटेचा माथा आणि खळगा यांतले अंतर पाहून सर्वांत मोठे पाच आकडे लिहून घ्यावेत. त्याच वेळी दोन मीटर उंचीवर हातातल्या वातमापकाने वाऱ्याची सरासरी आणि झोताचा कमाल वेग नोंदवावा. झोत सरासरीच्या दीडपटीहून जास्त असतील तर जवळपास कुठेतरी अडथळा आहे. आमच्या मते 5 मीटरवरची लाट 5 सेंटिमीटरच्या आत असेल तर जागा उत्तम, 10 पर्यंत चालेल, 15 च्या पुढे वेगाचे नाव काढू नये. पावसाची सर आली की बारीक लाटा दबतात, तेव्हाचे आकडे धरू नयेत. मे महिन्यातल्या वळवाच्या वादळाचेही नाहीत. रावेर-यावलच्या केळी आडव्या करणारा तो वारा जोराचा असतो, पण त्याची दिशा दहा मिनिटांत फिरते आणि बरोबर वीज असते.

वेग मोजताना अशीच दक्षता हवी. मनगटावरचे घड्याळ खडबडीत पाण्यात हाताच्या हिसक्याचाही वेग धरते आणि क्षणिक आकडा फुगतो. जीपीएस दंडावर किंवा हेल्मेटवर बांधावा आणि दहा सेकंदांच्या सरासरीचे पाच सर्वोत्तम आकडे घेऊन त्यांची सरासरी सांगावी. क्षणिक कमाल वेगाला बातमीत जागा मिळते, तुलनेसाठी तो आकडा फारसा कामाचा नसतो.

आपल्याकडची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. वारा भरतो तो जून-जुलैत, आणि धरणे तळाला गेलेली असतात तीही तेव्हाच. काठ मोकळा मिळतो तो त्यामुळेच, पण पाणी रोज जागा बदलते. आवर्तन सुटले की सपाट काठावर पातळी वीतभर उतरली तरी पाण्याची कड दहा-वीस मीटर आत सरकते. पहिला मोठा पूर आला की उलट. म्हणून पट्टीची नोंद 'अमुक गावाच्या शिवारात' अशी करून उपयोग नाही. जलाशयाची पातळी मीटरमध्ये किती असताना ती पट्टी चालते, ते लिहावे लागेल. 50 सेंटिमीटरच्या टप्प्याने तीन-चार पातळ्यांचे काठ आखून ठेवले तर त्या आठवड्यात कोणता वापरायचा हे धरणाच्या रोजच्या पातळीवरून ठरवता येईल.

भिंतीजवळच्या खोल, लाटाळ पाण्याचा उपयोगच नाही असे नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकपासून विंडसर्फिंगच्या स्पर्धा फॉइलवर होतात. फॉइल, म्हणजे फळीखाली खांबाला लावलेला पाण्यातला पंख, फळीला पाण्याच्या वर उचलून धरते, त्यामुळे मध्यम लाटेचा तिला फारसा उपद्रव होत नाही. पण तिचा खांब मीटरभर खाली जातो, म्हणून दीड-दोन मीटर खोली आणि बुडालेल्या झाडांपासून मुक्त पाणी लागते. गिरणेचे मधले पाणी त्याला चालेल. दोन्ही खेळ एकाच धक्क्यावरून चालवायचा आग्रह मात्र धरू नये, दोघांचेही नुकसान होईल.

तेव्हा तापी पाटबंधारे विकास महामंडळ आणि जलसंपदा विभाग यांच्याकडे मागणी करणाऱ्यांनी भिंतीपाशी शेड, जेट्टी आणि उपाहारगृह मागण्याआधी गिरणा आणि अक्कलपाडा यांच्या पश्चिम टोकांची जूनमध्ये पाहणी मागावी. दोन आठवडे, रोज दुपारी, वर सांगितलेल्या बांबूंच्या नोंदी. गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांची आणि मासेमारी संस्थांची संमती आधी घ्यावी, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आणि पंपगृहे यांपासून अंतर सोडावे, आणि इंजिनच्या बोटीला बचावापुरतीच परवानगी असावी, कारण तिची लाट सपाट पाणी बराच वेळ बिघडवते. कायमचे बांधकाम काहीच लागणार नाही. लागेल तो पट्टीच्या काठाने जाणारा एक मुरमाचा रस्ता. खाली एक किलोमीटर पळत गेलेला माणूस अरुंद फळीवर आणि छोट्या शिडावर वाऱ्याविरुद्ध परत येऊ शकत नाही. त्याला फळी-शिडासकट वर आणायला एक 'छोटा हत्ती' पुरतो.

आपले,
विंडसर्फिंगचे दोन अभ्यासक, धुळे
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.)